ग्लेंडेल अव्हेन्यूला उतरायचं होतं

लॉस एंजेलिसमध्ये पाहुणा दारात आला, की त्याला आधी विचारतात, "कुठल्या रस्त्यानं आलात?" आमचे शेजारी आर्शाविर मेलकोन्यान त्या उत्तरावरून माणसाची किंमत ठरवीत. उभा जन्म त्यांनी बेकरीची व्हॅन चालवलेली. फ्रीवेवरून खाली आमच्या वस्तीत उतरायला एकच एक्झिट योग्य, ग्लेंडेल अव्हेन्यूचा, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्यांच्या मुलीला, शूशानला, मागणी घालायला गेवॉर्ग आपल्या मुलाला, नारेकला, घेऊन आले, तेव्हा शेजारधर्म म्हणून मीही हजर होतो. आर्मेनियन रीतीप्रमाणे मुलीच्या बापाने पेला उंचावला, की होकार. तोवर सगळे ताटकळतात.

"कुठं उतरलात?" आर्शाविरनी विचारले.

"सेंट्रलच्या एक्झिटला," गेवॉर्ग म्हणाले. "वेळ वाचतो."

"वाचतो? अहो, तिथल्या सिग्नलला माणूस म्हातारा होतो!"

"तुम्ही झालेले दिसताच."

शूशानने डोळे मिटून घेतले. होऊ घातलेले दोघे व्याही एकाच गाडीत बसून, फ्रीवेवर मागे जाऊन, दोन्ही एक्झिट आजमावायला निघालेदेखील.

कॉफी निवली, पुन्हा केली, तीही निवली. अखेर शूशानने फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाबा, कुठं आहात?"

"तुझा सासरा कानाशी कटकट करत होता. ग्लेंडेल अव्हेन्यू मागं पडली."

"लेन यांनी बदलली नाही!" मागून गेवॉर्गांचा आवाज आला.

वाद घालता घालता गाडी पुढच्या जोडरस्त्यावर चढली होती, आणि त्या रस्त्याने त्यांना थेट डोंगराकडे नेले होते. आता दोघे कुठल्याशा पेट्रोल पंपावर उभे होते.

"सासरा म्हणालात," शूशान शांतपणे म्हणाली. "म्हणजे होकार धरू?"

पलीकडे आर्शाविर नुसतेच खाकरले. नारेकचा चेहरा उतरला.

"हातात पेला नाही गं," आर्शाविर पुटपुटले.

"पंपावर कॉफी मिळते ना? घ्या कप आणि उचला!" त्यांची बायको हैगानूश स्वयंपाकघरातून गरजली.

बराच वेळ खुडबुड ऐकू आली.

"उचलला. दिली मुलगी," आर्शाविर म्हणाले. मग आवाज खाली आला. "आता कुणीतरी परतीचा रस्ता सांगा."

"मला विचारा की, व्याही!"

"तुम्ही गप्प बसा. शूशान, जावईबापूंना फोन दे."

नारेक फोन घेऊन उभाच राहिला. बापाला आणि सासऱ्याला, दोघांनाही पटेल असा एकच एक्झिट त्याला सांगायचा होता.