अहवालात नसलेला पावशा

पत्रकारितेत आयुष्य काढलं की घरात दोनच गोष्टी साठतात. रद्दी आणि सरकारी बिनडोकपणाचे किस्से. रद्दी विकता तरी येते! गोरेगाव तालुक्यातल्या पावशा पक्ष्याचे किस्से मात्र अजून डोकं तापवतात.

गावतलावाच्या वर मोह आणि येनाच्या झाडांचं जंगल. तिथून उतरणाऱ्या पाण्यावर गावातल्या सुखरामभाऊंची धानाची शेती. त्याच जंगलात गिट्टीची खाण येणार होती. परवानगीआधी जंगलात काय राहतं, गावकरी सांगतात तो पावशा आहे का, हे पाहायला वनखात्याची टीम आली. जानेवारीत! पावशा ओरडतो उन्हाळ्यात. थंडीत तोंड मिटून पानांत बसतो. राखाडी पाठ, शेपटीवर काळपट पट्टे. गप्प बसला तर दिसणार कुणाला? टीमने जीपमध्ये बसूनच लिहिलं, "पावशा आढळत नाही."

सुखरामभाऊ म्हणाले, "लगन वैशाखात, अन् हे पुसाच्या महिन्यात येऊन वाजंत्री पाहून राहिले!"

*

मी बातमी ठोकली. आमच्या डेस्कने फोटो लावला शिक्रा या शिकारी पक्ष्याचा! दोघं दिसतात सारखे, मान्य. पण चोच? शिक्र्याची आकड्यासारखी वाकडी, पावशाची साधी. इन्चार्ज म्हणाला, "भाईसाब, चोंच कौन देखता है?"

खाणवाल्याच्या माणसाने पाहिली! दुसऱ्या दिवशी पेपर नाचवत ऑफिसात हजर. "पक्षीच खोटा छापला, मग बातमी कायले खरी मानाची?"

*

वनाधिकारी साहेबांना गाठलं. म्हणाले, "घरटं दाखवा, लगेच मानतो."

"साहेब, पावशा घरटं बांधतच नाही. सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडं टाकतो. पिल्लू तेच वाढवतात."

"म्हणजे स्वतःचं घर नाही? मग इथला रहिवासी कसा?"

हे कोण विचारतंय? दर तीन वर्षांनी बदली होणारा माणूस!

*

खाणीची सुनावणी ठेवली मे महिन्यात, त्याच जंगलाच्या कडेला, मोहाखाली मंडप टाकून. साहेबांनी अहवाल उघडला. "सदर पक्षी या परिसरात..."

"पेरते व्हा! पेरते व्हा!"

डोक्यावरच पावशा! प्रत्येक हाकेला आवाज आणखी वर. साहेब थांबले, पुन्हा वाचू लागले. तोही पुन्हा सुरू! शिपायाने गोटा भिरकावला. पावशा बाजूच्या येनावर जाऊन बसला आणि दुप्पट जोराने ओरडू लागला. अख्खा गाव हसत होता. साहेब घामाघूम. शेवटी कारकुनावर खेकसले, "लिहा! पावशाच्या ओरडण्यामुळे सुनावणी तहकूब!" तावातावाने सही ठोकली. शिक्काही मारला.

सुखरामभाऊ उठले. हात जोडून म्हणाले, "साहेब, याची एक नक्कल भेटंल का?"