अधिक महिन्यातली गुढी

जुनं सामान विकत घेण्याच्या धंद्यात मी शून्यातून उभा राहिलो आणि एक नियम कधी सोडला नाही: सौदा ठरला की वस्तू माझी. म्हणून मागच्या वर्षी नौपाड्यातल्या त्या आजोबांवर भडकलो. त्यांची इमारत पडणार होती, ते माजिवड्याला मुलीकडे निघालेले. सगळ्या घराचा एकच भाव ठरलेला. आणि टेम्पो भरताना त्यांनी तांब्याचा एक गडू पोटाशी धरला.

"हा नाही देणार."

"काल हो म्हणालात! शिकलेल्यांचा शब्द असाच का? आणि पोचा आलेल्या गडूला विचारतंय कोण?"

"पोचा माझ्या वडिलांनी पाडलाय. ऐकून घ्या, मग न्या."

आजोबा तेव्हा सात वर्षांचे. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी आईने त्यांना दिवाळीसारखं तेल चोळून आंघोळ घातली. असा सण कसा करतात, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिने दारात गुढी उभारली. रेशमी खण, कडुलिंब आणि वर हा गडू पालथा.

समोरच्या काकू ओरडल्या, "अगं, अधिक महिना चाललाय, अमावास्या तोंडावर! पंचांग तरी बघायचंस!"

"बघितलं," आई म्हणाली. "त्यात हे नव्हतंच."

वडील सरकारी कचेरीत कारकून. ते धावत बाहेर आले. "उद्या साहेब परत आला तर? नोकरी जाईल माझी!" त्यांनी काठी ओढली, गडू फरशीवर आपटला. आईने गडू उचलला, पदराने पुसला, परत काठीवर चढवला. या वेळी काठी वडिलांनी धरली. डोळे रस्त्याकडे, पण सोडली नाही. जरा वेळाने त्याच काकू आपली काठी घेऊन आल्या. "आता माझीही धरा हो." दुपारपर्यंत आळीत दारोदार गुढ्या.

मी पोच्यावरून अंगठा फिरवला. एवढ्याशा खळग्यात एका माणसाची भीती होती, आणि त्याच तांब्यावर बाईने केलेला सण.

आमच्या घरात त्या दिवसाचं कुणी काही सांगितलं नाही. माझे आजोबा तेव्हा कोकणात दुसऱ्याच्या भातशेतात राबत होते. त्यांना बातमी कधी कळली, कळल्यावर ते काय म्हणाले, कुणी विचारलंच नाही. याचा राग माझ्या मनातून जात नाही. वारशाला भांडं नाही आलं, निदान गोष्ट तरी यायला हवी होती.

नौपाड्याच्या आजोबांनी गडू पुढे केला. "शब्द दिलाय. न्या."

"टेम्पोत जागा नाही."

"शेठ, अर्धा रिकामा आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"तू गप रे. गाडी काढ."