हिरव्या शेपटीचं विमान

पापडी गावात कुणाला फ्रिज घ्यायचा असला, तर ते आधी दुकानात जात नसत. आधी कॉन्रॅड तुस्कानोंच्या ओट्यावर येत. कंपनी कुठली, लिटर किती, रंग कोणता, हे घरात ठरलेलं असे. एकच गोष्ट बाकी असे, ती म्हणजे पैसे कॉन्रॅडभाऊंच्या क्रेडिट कार्डावरून जायला हवेत. घरवाला रोख रक्कम त्यांच्या हाती ठेवी, ते ती शर्टाच्या आतल्या खिशात घालत आणि दोघं रिक्षात बसून अंबाडी रोडच्या दुकानात जात. तिथे कॉन्रॅडभाऊ भाव जरा उतरवून घेत, वॉरंटी कार्डावर शिक्का पडला की नाही ते पाहत आणि मग आपलं कार्ड पुढे करत. फ्रिज आणि पावती घरवाल्याला, पॉइंट कॉन्रॅडभाऊंना.

हे दोन हजार सालापासून चाललं होतं. फोर्टमधल्या एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये एकतीस वर्षं काढून ते त्याच साली निवृत्त झाले होते. कार्ड त्याच्या थोडं आधी मिळालेलं. सोबतची पुस्तिका इतर लोक वाचत नाहीत. कॉन्रॅडभाऊंनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि चौदाव्या पानावर पेन्सिलीने उभी रेघ मारली. साठलेले पॉइंट विमान कंपन्यांकडे वळवता येतात, आणि त्यावर फुकट तिकीट मिळतं, असं तिथे लिहिलेलं होतं.

त्यांची बायको बर्था तेव्हा होती. नवरा लोकांची वॉशिंग मशीन आणायला निघाला की ती दारात उभी राहून हसायची.

"गावाच्या संसाराला तुमचं कार्ड, आणि आपला मिक्सर अजून लग्नातलाच."

"पॉइंट मिळतात."

"त्या पॉइंटांचं काय लोणचं घालायचं?"

"दोन तिकिटं," कॉन्रॅडभाऊ म्हणाले. "टोरांटोची."

त्यानंतर बर्था हसली नाही. उलट रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर तीच बायकांना गाठू लागली. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाकडे टीव्ही बिघडलाय, कोण घर बांधायला काढतंय, याची बातमी ती घरी आणायची. टोरांटोला त्यांची एकुलती एक लेक होती, कॅरल. ऑस्करशी लग्न करून गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. तिथेच तिला दोन मुलं झाली, विनी आणि ज्युलियस.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात बर्था गेली. कॅरल आली, अकरा दिवस राहिली, गेली. मग एका दुपारी कॉन्रॅडभाऊंनी टेबलाच्या खणातून पॉइंटांचा कागद काढला. तिथे लिहिलेल्या 'लागणारी तिकिटं' या शब्दांपुढच्या दोनच्या आकड्यावर काट मारली आणि एक लिहिला. जे काम अजून चार-पाच वर्षांचं होतं, ते एकदम अडीच वर्षांवर आलं.

आता मे दोन हजार सात उजाडला होता आणि खात्यात छप्पन्न हजार पॉइंट जमले होते.

टेबलावर काचेखाली एक आलेख कागद होता. त्यावर त्यांनी तीन विमान कंपन्यांचा तक्ता केला होता. नावं लांबलचक म्हणून ते विमानाच्या शेपटीच्या रंगावरून त्यांना ओळखत: लाल, निळी, हिरवी. लाल कंपनी एका पॉइंटला एक मैल देई. तिकिटाला पन्नास हजार मैल लागत, वाटेत एकदाच विमान बदलायचं, पण मैल वर्षभरातच वापरावे लागत. निळी त्याहून थोडी उदार होती, मैल दीड वर्ष टिकत. मात्र दोनदा विमान बदलायचं आणि मधे सात तास बसायचं. हिरवी सगळ्यांत वाईट. चार पॉइंट द्यावेत तेव्हा तीन मैल. छप्पन्न हजारांचे बेचाळीस हजार होणार, आणि तिचं तिकीट पंचेचाळीस हजारांचं. म्हणजे सगळे पॉइंट देऊनही हातात तिकीट नाही. मैल तीन वर्षं टिकत, एवढंच तिचं भलं. हिरवीला त्यांनी सगळ्यांत खालच्या ओळीत टाकलं होतं.

सामान किती किलो नेता येईल, याचाही रकाना होता. कारण बर्थाच्या कपाटात, टिश्यू पेपरात गुंडाळलेली, कॅरलच्या फर्स्ट कम्युनियनची मेणबत्ती होती, अर्धी जळलेली. नातीच्या कम्युनियनला ती पुन्हा पेटवायची, असं बर्थाचं म्हणणं. चर्चमध्ये मुलांना पहिल्यांदा पवित्र प्रसाद मिळतो तो हा विधी आठव्या वर्षाच्या सुमारास होतो, आणि विनी आता आठ वर्षांची झाली होती. या वर्षी तिचं कम्युनियन व्हायचंच.

तक्त्यातला शेवटचा रकाना होता तारखेचा. तो तेवढा रिकामा होता. तारीख कळल्याशिवाय सीट आहे की नाही ते कळत नाही, सीट आहे हे कळल्याशिवाय पॉइंट वळवण्यात अर्थ नाही, आणि एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. कम्युनियनची तारीख कॅरलने सांगायची होती.

पॉइंटांबद्दल मात्र त्यांनी कॅरलला कधी एका अक्षरानेही सांगितलं नव्हतं. तारीख कळली की मग एकदमच सांगायचं, तिकीट माझं मी काढलंय, तू फक्त व्हिसासाठी पत्र पाठव. मुलीकडे जायचं तर तिच्यावर भार नको. ख्रिसमसला त्यांनी विचारलं, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, लेंटमध्ये, विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बघू पप्पा, अजून चर्चने तारीख दिली नाही." तिसऱ्यांदा विचारणं त्यांना बरं वाटलं नाही.

मधल्या काळात ते कार्डाच्या मदत क्रमांकावर फोन करत. लाल कंपनीची मुदत किती? मैल किती दिवसांत जमा होतात? उत्तरं त्यांना पाठ होती. पलीकडची मुलगी शेवटी न चुकता विचारायची, "आणखी काही मदत करू शकते का, सर?" आणि ते थोडं थांबून "नाही, थँक यू" म्हणायचे. असा फोन झाला की ते ताजे होऊन बागेला पाणी घालायला जात.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं. एक जूनपासून पॉइंटांना निम्मेच मैल मिळणार होते. एकतीस मेच्या आत वळवले तर जुन्या दराने. सोबत फॉर्म जोडला होता: कंपनीच्या नावापुढे खूण करा, खाली सही.

त्या रविवारी शेजारची फ्लॉसी वाटीभर सुरमईचं कालवण घेऊन आली. ती माहेरची गास गावची. लग्न होऊन पापडीत आल्याला तीस वर्षं झाली, तरी तिची भाषा गासचीच राहिली होती. टेबलावरचा फॉर्म तिने बघितला.

"झाली का तयारी? कोनच्या विमानाने चाललात?"

"तारीख यायचीय."

"वरसभर तारीखच येतेय. माझ्या फ्रिजच्या वेळेपासून ऐकतेय मी. फ्रिजचं रबर पन गेलं आता."

"आज कॅरलचा फोन येईल."

"मग विचारा की सरळ. लाजता काय पोरीला? तुम्ही दुकानदाराकडनं पाचशे रुपये उतरवून घेता, आनि पोरीकडनं एक तारीख काढता येत नाय."

ती गेल्यावर कॉन्रॅडभाऊंनी वाटीवर ताटली झाकली आणि फोनजवळ खुर्ची ओढली. सात वाजता घंटी वाजली. तिकडे सकाळ होती.

"पप्पा, जेवलात?"

"अजून नाही. फ्लॉसीने कालवण दिलंय. तू मिस्साला गेली नाहीस?"

"अकराची आहे."

"बरं. अगं, विनीची तारीख कळली का? आतापर्यंत दिली असेल."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं. तो आवाज थांबला.

"पप्पा, ते झालं."

"काय झालं?"

"कम्युनियन. मागच्या महिन्यात. इथे आपल्यासारखा मांडव नसतो, बँड नसतो. तीस मुलं एकदम उभी केली, मग हॉलमध्ये केक. आम्ही चौघं आणि ऑस्करची आई, बस."

कॉन्रॅडभाऊंनी काचेखालच्या तक्त्याकडे पाहिलं. "सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचं म्हणाला असता."

"म्हणालो असतो."

"मग?" तिचा आवाज खाली आला. "ऑस्करची नोकरी जानेवारीत गेली, पप्पा. तुम्हाला कळवलं नाही, तुम्ही तिथे एकटे काळजी करत बसाल. तुम्हाला तिकीट पाठवता येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून तारीखच सांगितली नाही."

एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. तिकीट तर माझ्याकडे होतं. एवढंच. पण बोलल्यावर त्या वाक्याचं काय होईल, हेही त्यांना दिसलं. जे होऊन गेलं ते परत येणार नव्हतं. फक्त कॅरलला आयुष्यभर ठाऊक राहिलं असतं, की तिकीट तयार होतं आणि आपण बापाला बोलावलं नाही. त्यांनी वाक्य गिळलं.

"डोक्यावर व्हेल कुणाचा घातला विनीने?"

"मम्मीने पाठवलेला. जाण्याआधी पाठवला होता ना, तोच."

"बरं केलंस. आणि मेणबत्ती?"

"चर्चने दिली. सगळ्यांना एकसारख्या."

"हं."

"ज्युलियसच्या वेळी नक्की या, पप्पा. तो आता पाचाचा आहे. खरंच सांगते, त्याच्या वेळी मी तारीख आधी सांगेन."

मग कॉन्रॅडभाऊंनी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "मधे कधीतरी येऊन गेलो तर? असंच. काही नसताना."

"एवढ्यात नको, पप्पा. सासूबाई हॉलमध्ये झोपतात. ऑस्करचं कुठे लागू दे."

"हो, हो. मी सहज विचारलं. ऑस्करला सांग, धीर धर. तुझी मिस्सा चुकेल, ठेव आता."

फोन ठेवल्यावर त्यांनी कालवण गरम केलं नाही. तसंच भातावर घेतलं, जेवले, वाटी घासून पालथी घातली.

फॉर्म अठ्ठावीस तारखेपर्यंत टेबलावर पडून होता. ते रोज सकाळी समोर बसत. काही न करणं हाही एक मार्ग होता. पॉइंट बँकेतच राहिले असते, पण त्यांची किंमत निम्मी झाली असती, आणि ते त्यांच्याकडून होण्यासारखं नव्हतं. लाल कंपनीकडे वळवले तर आजच्या आज तिकीट हातात होतं, पण वर्षाच्या आत जायला हवं, आणि वर्षाच्या आत कुणी बोलावलेलं नव्हतं. निळीचंही तेच. त्यांनी बोटांवर मोजलं. पाचाचा आठ व्हायला तीन वर्षं. दोन हजार दहाचा एप्रिल, नाहीतर मे. हिरवीचे मैल दोन हजार दहाच्या मेअखेरीला संपत होते. अगदी काठावर, पण आत.

त्यांनी हिरवीपुढे खूण केली. सही करताना एकदा पेन उचललं, तीन हजार मैल कमी पडतात ते पुन्हा पडताळून पाहिलं आणि सही पुरी केली. मग काच सरकवून तक्ता बाहेर काढला. हिरवीच्या ओळीत, तारखेच्या रकान्यात, पेन्सिलीने '२०१०' लिहिलं. पेन्सिलीने अशासाठी, की कॅरलने अजून काही सांगितलेलं नव्हतं.

दुपारी ते फॉर्म घेऊन बँकेत निघाले तेव्हा फ्लॉसी ओट्यावर कोळंबी सोलत होती.

"टाकलं का मग? लाल ना?"

"हिरवी."

तिचा हात थांबला. "ती तर तुम्हीच वाईट म्हनत होता. गावभर सांगत होता."

"तिच्यात मैल तीन वर्षं टिकतात."

"तीन वर्षांनी काय आहे?"

"ज्युलियसचं कम्युनियन."

फ्लॉसीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. विनीचं काय, हे तिला विचारावं लागलं नाही. ती पुन्हा कोळंबीकडे वळली.

"मग आता भागलं का पॉइंटांचं?" तिने खाली बघतच विचारलं.

"नाही. तीन हजार मैल कमी आहेत. नव्या दराने आठ हजार पॉइंट लागतील."

"फ्रिज कुनी नाय घेत आता. सगळ्यांकडे झाले." तिने साली कागदात गुंडाळल्या. "माझ्या न्हाणीच्या लाद्या उखडल्यात. पुढच्या उन्हाळ्यात घालनार होते. आताच घालू का?"

"तुला घाई नसेल तर नको."

"घाई कोनाला हाय? पन पावसात पाय घसरतो. येता का दुकानात?"

कॉन्रॅडभाऊंनी फॉर्म खिशात नीट दुमडला. "बँकेतून येतो," ते म्हणाले. "साधारण साडेचारला. न्हाणीची लांबी-रुंदी मोजून ठेव. लाद्या नेहमी थोड्या जास्त घ्याव्या लागतात, फुटतात त्या."

आणि ते नाक्याकडे चालू लागले. वळणावर थांबून त्यांनी खिशावर हात ठेवला, फॉर्म आहे याची खात्री केली, मग कार्ड आहे याचीही.