तळपायावरचे चिमटे

मी बौद्धाघरची बाई. भूतखेत, अंगात येणं आमच्यात न्हाई, अन् मी मानतबी न्हाई. नात म्हणली, आजी तू सांग, मी मोबाईलवर लिहिते... म्हणून सांगते.

लातूर नुकताच जिल्हा झालता, अन् पाऊस गेल्ता, दुष्काळ व्हता. उदगीरजवळ रोजगार हमीच्या रस्त्यावर मी खडी फोडायला जायची. माझी सुमन तान्ही. गप झाली की निळी पडायची, रडली की रंग यायचा. पाजताना तर लई घाबरी व्हायची. सगळ्या म्हणायच्या, पोरगी किरकिरी हाय.

कामावर बाया लेकरांला मोहरीएवढी अफू चाटवायच्या, झोळीत निजून राहावं म्हणून. संगं कामाला असल्याली माझी जाऊ म्हणली, "चाटव की ग तिला. न्हाई तर मुकादम तुलाच झोळीत घालून घरी धाडंल."

म्या बोटावर घेतली. बोट ओठाला लागायच्या आत पोरगी अशी किंचाळली, पाय झाडला — अफू मातीत.

"कुणी चिमटा काढल्यावानी करती बघ," जाऊ म्हणली. जवळ तर कुणीच नव्हतं.

रडून दमली अन् ओठ जांभळे दिसले तशी मी हातोडा टाकला अन् लातूरची एसटी धरली. गाडीत पोरीचा डोळा लागायचा, मान पडायची... अन् लगेच किंचाळायची. सारी वाट तसंच.

मागची म्हातारी म्हणली, "बाई, लेकरू आणलंस का भोंगा?"

"रडू द्या मावशी. गप झाली की मला भ्याव वाटतं."

माझा एक हात तिच्या मानंखाली, एक दांड्याला. तिचे पाय लुगड्याच्या धडप्यात गुंडाळल्याले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं धडपं सोडलं. डाव्या तळपायावर लाल वळ, एकाला लागून एक.

"चिमटे कुणी काढले?"

"म्या न्हाई, बाई."

तिनं नाक-घसा तपासला. म्हणली, "नाकाच्या मागं जन्मापासूनची पाण्याची गाठ आहे. तान्हं मूल नाकानंच श्वास घेतं, तोंडानं फक्त रडताना. गाढ झोपली असती तर गेली असती. ज्यानं चिमटे काढले, त्यानं वाचवली."

गाठ काढली. सुमन पहिल्यांदा गप निजली, अन् रंग गेला न्हाई. मी तिचा तळपाय धरून बसले. नवा वळ उठला न्हाई.

आता सुमनच आजी झाली. दुपारची निजली की मी अजून तिच्या तळपायावरून हात फिरवते. कुणाचा हात व्हता, ठाव न्हाई. हात जोडावं वाटतं... कुणाला जोडू, तेच कळत न्हाई.