बाईंना सांगायचं राहिलं

मी जयपूरजवळच्या चौमूच्या बाजारात वांग्यांचा भाव पाडत होतो. मोबाइल वाजला, वर शाळेतल्या साठेबाईंचा फोटो. म्हटलं, आता बोलणी खावी लागणार, आणि फोन खिशात सारला. तीनदा वाजला. घरी आल्यावर कळलं, बाईंच्या फोनवरून त्यांची मुलगी करत होती. बाई पहाटेच गेल्या होत्या... मरणाची बातमीही चुकवणारा, असा मी शूर.

हे मी सांगतोय, लेक लिहून घेतेय. मी शाळेत गेलो तो थेट स्वयंपाकी म्हणूनच. आधी फौजेच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, जिथून कुणी उपाशी उठत नाही; मग जयपुरात विद्याधर नगरातल्या एका शाळेत. बाई तिथं मातीकाम शिकवायच्या. मुलं वर्षभर वाडगे घडवायची. मग एका रविवारी लोक येऊन वाडगे विकत घ्यायचे, त्यातच माझी डाळ खायचे, आणि ते पैसे उपाशी घरांच्या शिध्याला जायचे. बाईंचा नियम एकच, माणशी एक डाव. "शिंदेभाऊ, लोकांनी थोडं उपाशीच घरी जायचं."

"बाई, माझ्या हातचं लोक तसंही थोडंच खातात."

हसायच्या बिचाऱ्या.

यंदा त्यांनी चौखटीवर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, उभं राहून रोज काम शोधणारे मजूरही जेवायला बोलावले होते, पाहुण्यांच्याच पंगतीला. ते कामावरून उशिरा येणार होते. त्याआधी एक साहेब म्हणाले, "वाह उस्ताद, और एक!" झालं, मी फुगलो. सगळ्यांना दुसरा डाव, तिसरा डाव, वर तूप. मजूर आले तेव्हा पातेल्याच्या तळाशी माझंच तोंड दिसत होतं. मग काय, विनोद केला. "आज बर्तन देख लो भैया, खाना अगली बार."

कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं कोरा वाडगा पदरानं पुसला आणि परत ठेवून गेली. बाई एवढंच म्हणाल्या, "शिंदेभाऊ, तुम्ही तर लंगरवाले..."

आठ दिवस मी त्यांना चुकवत फिरलो. माफी मागायला तोंड गंभीर करावं लागतं, माझं ते होतच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ... आणि मग तो फोन.

गेल्या रविवारी डाळीचं पातेलं घेऊन चौखटीवर गेलो. म्हातारी काही दिसली नाही. एका गवंड्यानं दोनदा मागून घेतली, हात धुतले, विचारलं, "किसने भेजा?"

"मैडमजी ने."

"उनको बोलना, पेट भर गया."

बोलतो म्हटलं. आता बाईंना सांगायच्या दोन गोष्टी झाल्या.