भुयारात राहिलेली चप्पल

आमच्या भागात जुनी वास्तू म्हटली की तिला भुयार असतंच, आणि ते कायम बुजलेलं असतं. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल त्याला अपवाद कसा असेल? तिथलं भुयार थेट डोंगरातल्या देवीपर्यंत जातं, असं गावात कुणीही सांगेल. आत गेलेलं माणूस मात्र भेटणार नाही. भेटलंच तर ती मी. निदान माझ्या सासरी, विंचूरला, तसं समजतात.

झालं असं, की माझी नात नाशिकला कॉलेजात इतिहास शिकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणींवर तिला प्रकल्प लिहायचा होता. आमच्याकडे म्हातारं माणूस मीच. तिनं माझी भुयाराची गोष्ट लिहून घेतली. मी दहा वर्षांची, बरोबर एक मैत्रीण, आत अंधार, वटवाघळं, लांबवर उजेडाचा ठिपका, आणि पळताना माझी नवी चप्पल आतच राहिली. तिच्या बाई म्हणाल्या, छान आहे, पण दुसरा साक्षीदार आण, नाहीतर ही नुसती गोष्टच झाली. म्हणून आम्ही दोघी एसटीनं चांदवडला, माझ्या माहेरी, निघालो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी भुयारात कधी गेलेच नाही. चप्पल आठवडे बाजारात हरवली होती, भेळीच्या गाडीपाशी. बाजारात म्हटलं असतं तर आईनं शोधायला परत पिटाळलं असतं. भुयारात राहिली म्हटल्यावर कोण शोधायला जातंय? डोकं चांगलं चाललं होतं, पण आईनं विचारलं, "तुला तिथं नेलं कुणी?" आणि मी शेजारच्या मैत्रिणीचं नाव घेतलं. तिचे वडील गाद्या भरून द्यायचे, कापूस झोडायची काठी त्यांच्या हाताशीच असायची. पोरीनं मार खाल्ला आणि वर "हो, मीच नेलं" असं म्हणाली. का म्हणालीस, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही. पुढं लग्न होऊन ती मालेगावला गेली, मी विंचूरला. ईदला मी फोन करते, दिवाळीला ती.

रंगमहालात नात मला कोरीव लाकडी खांब दाखवत होती. भिंतीवरचे पुसट रंग दाखवत होती. "आजी, बघ ना किती बारीक काम आहे!" मी मान हलवली. याच खांबांना धरून आम्ही शिवाशिवी खेळलो होतो, तेव्हा नक्षीकडे बघायला वेळ नव्हता.

तिथला राखणदार चाळिशीतला, बोलायला उत्सुक. त्यानं आम्हाला दगडमातीनं बुजलेली एक कमान दाखवली.

"हितून पार देवीपोत रस्ता हाय ताई."

"पुरावा काय?" नातीनं वही उघडली.

"हाय ना. मागं गावातली एक पोरगी आत शिरली व्हती. तिची चप्पल आत राहिली, आन् आठ दिवसांनी वर देवीच्या पायरीवर निघाली!"

"आणि ती पोरगी?"

"वारली. भुयारातली हवा बाधली तिला."

"कधी?"

"लगेच."

मी त्याच्यासमोर बाटलीतून पाणी पीत होते.

नातीचे डोळे लकाकले. "आजी, चप्पल वर निघाली! तू कधी सांगितलं नाहीस!" ती भराभर लिहायला लागली. भेळीच्या गाडीखालची चप्पल डोंगर चढून देवीपर्यंत पोचलीच होती, आता ती वहीतही चढली. हे नात वर्गासमोर वाचणार, बाई मार्क देणार, आणि माझी मैत्रीण कागदावर कायमची मला भुयारात नेणारी ठरणार. मी बाटलीचं झाकण लावलं आणि दोघांना बाजारातली खरी हकीकत सांगितली.

राखणदारानं ऐकून घेतलं. "आजी, तुम्ही कुठल्या?"

"विंचूरची."

"मंग तुम्हाला काय म्हाईत?" असं म्हणून तो दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला.

नात पायरीवर बसली. "सगळं खोटं?"

"चप्पल खरी होती."

"शंभर लोकांना सांगितलंस आणि आता, मी लिहिल्यावर, कच खातेस? थांब, मी तुझ्या मैत्रिणीलाच विचारते." तिनं फोन लावला, स्पीकरवर.

पलीकडे मालेगावच्या यंत्रमागांची खडखड. नातीनं मैत्रिणीला प्रश्न विचारला. मैत्रीण क्षणभरही थांबली नाही.

"हो बेटा, मीच नेलं होतं तिला. लय अंधार होता. तिची चप्पल पडली, मी उचलायला वाकले, तेवढ्यात वटवाघूळ आलं. तुझ्या आजीची काही चूक नाही त्यात."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी फोन हातात घेतला.

"अगं, मी खरं काय ते सांगून टाकलंय तिला."



"मग मला आधी सांगायचं ना, बये! साठ वर्षं पाठ करून ठेवलंय मी."

"मार तू खाल्लास," मी म्हटलं. हे एवढं वाक्य बोलायला मला चांदवडला यावं लागलं.

"खाल्ला ना. लिही म्हणावं पोरीला, दोन फटके. तिसरा मी चुकवला होता."

नातीनं आधीच्या पानावर आडवी रेघ मारली, नवं पान काढलं, फटक्यांचा आकडा लिहिला. मग पेन तसंच धरून म्हणाली, "याला दुसरा साक्षीदार कोण?"

"मी," मी म्हटलं. "दोन घरांमधल्या भिंतीवरून बघत होते."