झाकलेलं तोंड

"झाकलेलं तोंड पुन्हा उघडू नाही," असं मलिहाभाभी नेहमी म्हणायच्या. उंद्रीत मुसलमानांच्या घरी बाई वारली की मय्यतीला न्हाऊ घालून कफन बांधायला त्याच जात.

बीटी कपाशी फवारताना त्यांच्या नवऱ्याला, कादरला, विषबाधा झाली. दवाखान्यात तो तडफडत असताना कोणीतरी व्हिडिओ काढला. कादर मातीआड झाला, पण व्हिडिओ गावोगाव फिरत राहिला. पानटपरीवरून जाताना कोणाच्या तरी मोबाइलमधून भाभींना त्याची हाक ऐकू यायची.

शेवटी तो व्हिडिओ बंद करायला त्या चिखलीला प्रसेनजित वकिलाकडे गेल्या.

"भाभी, खाजगीपणाचा हक्क जित्या माणसाचा. कायद्यात तो मेल्यावर सरते."

"मंग मी त जितीच हाओ ना? त्यात मीबी हाओ, उघड्या डोक्यानं."

वकिलानं कोरा कागद पुढं ओढला. "मंग तुमच्या नावानं अर्ज करू. पण त्यातली बाई तुम्हीच, हे पाहून सांगा लागते."

भाभींनी तो व्हिडिओ कधीच पाहिला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. "त्याइचं तोंड कुठं हाये, तेवढं दाखवा."

वकिलानं मोबाइलवर व्हिडिओ थांबवून त्यांचं बोट धरून दाखवलं. भाभींनी पडद्यावर तिथं ओढणीचं टोक दाबलं, मग डोळे उघडले. बोटाच्या दाबानं व्हिडिओ सुरू झाला. ओढणीखालून कादर म्हणाला, "मलिहा, पानी दे."

त्यांचा हात हलला नाही.

"हे बाई मीच," त्या म्हणाल्या, अर्जावर सही केली आणि उठल्या.

भाभी स्टँडकडे चालत गेल्या. मोबाइलवर आपला रुमाल टाकून प्रसेनजित दारातून बघत राहिला.